तू विचारलंस, आम्ही यावं का

तुझा मेसेज शनिवारी शब्बाथ सुटल्यावर वाचला. "मावशी, इथे शांतता आहे, तिकडे युद्ध आहे, आणि दोन्हीकडे संसार केलेली माझ्या ओळखीत तू एकटीच. मुलगा आता चौथीत आहे. खरं खरं सांग, आम्ही इस्रायलला यावं का?" एवढंच लिहिलं होतंस. उत्तर लगेच देता आलं नाही. लिहायला बसले की भलतंच काहीतरी आठवत राहायचं. आता जसं येईल तसं लिहिते. लांबेल, सवडीने वाच.

इथे येण्याचे नियम, आल्यावर मिळणारे पैसे, हिब्रूचे वर्ग, घराची सवलत हे सगळं तुला तिथल्या कार्यालयात नीट समजावून सांगतील, छापील कागदही देतील. त्यातलं मी काही लिहीत नाही. तुझ्या प्रश्नातल्या त्या दोन शब्दांबद्दलच लिहिते, शांतता आणि युद्ध.

मागच्या खेपेला तुझ्याकडे नौपाड्याला उतरले होते तेव्हा तू विचारलं होतंस, "चपला अशा दाराकडे तोंड करून पलंगापाशी कशाला ठेवतेस?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर आल्या आल्या मी तुझं घर नजरेने मापलं होतं. बिनखिडकीची भिंत कुठली? स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधला पॅसेज. कुठल्याही घरात शिरले की मी आधी हे बघते आणि मग पाणी पिते. पहिल्या काही रात्री डोळा लागला नाही. मग एका सकाळी जाग आली तर नऊ वाजले होते, खाली भाजीवाला ओरडत होता आणि तू चहा झाकून ठेवून ऑफिसला गेली होतीस. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. शांत देश म्हटलं की मला ती झोप आठवते. आणि केस धुणं. तू केस धुवायला जातेस तेव्हा आधी मोबाईलवर बातम्या बघत नाहीस. लढाईच्या दिवसांत इथे अंघोळ उरकायची असते. अंगाला साबण लागलेला असताना रॉकेटचा भोंगा झाला तर, हे डोक्यात असतंच. टॉवेलच्या शेजारी गाऊन अडकवलेला असतो.

गाझापासून जितकं लांब, तितके सेकंद जास्त. स्देरोतला १५, अश्केलॉनला ३०, आम्हाला अशदोदला ४५, तेल अवीवला ९०. भोंगा सुरू झाल्यापासून एवढ्या अवधीत आडोशाला पोचायचं आणि मग दहा मिनिटं तिथेच थांबायचं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इथे कायदा झाला की यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घरात जाड काँक्रीटची, लोखंडी झडपेच्या खिडकीची एक खोली हवी. तिला ममाद म्हणतात. घराच्या नकाशातच युद्ध धरलेलं आहे, हे मला आल्यावर पहिल्यांदा कळलं तेव्हा पोटात गोळा आला होता. आमची इमारत त्या कायद्याच्या आधीची. आणि अशा जुन्या इमारतींत कोण राहतं? आपले लोक, म्हणजे महाराष्ट्रातून आलेले बेने इस्रायली यहुदी; इथिओपियाचे, जॉर्जियाचे, रशियातून आलेली म्हातारी माणसं. ज्याला परवडतं तो ममाद असलेल्या घरात जातो, त्याचं भाडं वेगळं. आम्ही जिन्यात उभे राहतो. वरचे दोन मजले सोडायचे, तळमजला सोडायचा आणि मधल्या जिन्यात भिंतीला पाठ लावून बसायचं.

चौथ्या मजल्यावर एक अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. त्यांना सांभाळायला केरळची एक बाई आहे, माझ्या मुलीच्या वयाची. ती खाली येत नाही. मी एकदा तिला हाताला धरून ओढलं तर म्हणाली, "आंटी, इनको छोड़ के कैसे आऊँ?" २०२१ च्या मे महिन्यात अश्केलॉनला अशीच केरळची एक बाई, ज्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळत होती त्यांच्याच घरात, रॉकेट पडून गेली. हे या बाईला माहीत आहे. तरी प्रत्येक भोंग्याला ती वरच असते. दहा मिनिटं मी खाली जिन्यात बसते आणि कान वर असतात. तू तर नागरिक म्हणून येणार आहेस, तुला हे लागू नाही. तरी सांगितलं, कारण ज्यांना पळता येत नाही त्यांचं युद्ध वेगळं असतं आणि ते कुठल्या कागदावर येत नाही.

आता शांततेबद्दल. तू म्हणतेस तुमच्याकडे शांतता आहे. १९९२ चा डिसेंबर आणि ९३ चा जानेवारी तुला आठवायचा नाही, तू लहान होतीस. हे भायखळ्याला अडकले होते आणि एक अख्खी रात्र मी फोनशेजारी बसून काढली होती. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. २००६ च्या जुलैत लोकलमध्ये झाले, तेव्हा आम्ही इथून तुम्हाला फोन लावत होतो. २००८ साल तर मी विसरूच शकत नाही. २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. नरिमन हाऊसची इमारत आम्ही अशदोदला बसून टीव्हीवर बघत होतो, तुझ्या आईला सारखे फोन करत होतो, "बाहेर पडू नका" म्हणून सांगत होतो. महिनाही उलटून जातो न जातो तोच २७ डिसेंबरला इथे युद्ध सुरू झालं आणि गाझाची रॉकेटं पहिल्यांदा अशदोदपर्यंत पोचली. २९ तारखेला आमच्याच शहरात एक बाई गेली. त्या रात्री तुझ्या आईचा मला फोन, "बाहेर पडू नकोस गं."

तेव्हा भारतात काही घडतच नाही असं मी म्हणणार नाही. पण मुंबईत घडलं ते घडून गेलं. जखमा राहिल्या, माणसं गेली ती गेलीच, तरी दुसऱ्या महिन्यात कोणी मुलांना लोखंडी खिडकीच्या खोलीत झोपवायला लागलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत सरावाचा भोंगा वाजला त्याचा व्हिडिओ तू पाठवला होतास. माझी आई, तुझी आजी, १९७१ ची गोष्ट सांगायची, खिडक्यांना काळे कागद लावले होते म्हणून. तिच्या दृष्टीने ती एकदाच घडलेली, सांगण्यासारखी गोष्ट होती. माझ्या मुलीला विचार, ती अशा गोष्टी सांगत नाही. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

आम्ही निघालो १९९७ ला. दंगलींना घाबरून गेलो असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. वागळे इस्टेटमधली यांची कंपनी बंद पडली, दीर इथे आधीच आले होते, आणि मला वाटलं मुलाचं भविष्य होईल. भाकरीसाठी निघालो, बाकी सगळी कारणं मागाहून जोडली.

कागदांचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. आपल्या लोकांच्या नावांचा घोळ तुला माहीत आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव आणि बापाचं नाव, आडनाव नाहीच. कतुबावर, म्हणजे लग्नाच्या करारावर, गावावरून पडलेलं "कर" लावलेलं आडनाव. बाबांच्या जन्माच्या नोंदीत तिसरंच स्पेलिंग. एका कचेरीत एक गृहस्थ मला म्हणाले, ही दोन वेगवेगळी माणसं आहेत. माझे आजोबा! त्यांच्या मांडीवर बसून मी मालिद्याचे पोहे खाल्लेत, अलिबागजवळच्या नवगावला त्यांच्याबरोबर गेले, तिकडच्याच खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवायला त्यांनीच नेलं होतं. आणि हा माणूस मला सांगतो की तो एक मनुष्य नव्हताच. ठाण्याच्या कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट केलं, नोटरी केली, मग शिक्क्यावर शिक्के. तेव्हा परदेशात चालणारा अपोस्टिलचा शिक्का वगैरे भारतात नव्हतं, वकिलातीचे हेलपाटे होते.

पण खरा सल तो नव्हे. आपण यहुदी आहोत हे आपल्याला दोन हजार वर्षं कोणी विचारलं नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली म्हणून अख्ख्या कुलाबा जिल्ह्याला आपण माहीत होतो. तेच इथे आल्यावर सिद्ध करावं लागलं. माझा मामा पन्नासच्या दशकात आला होता. १९६२ मध्ये इथल्या धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्रायलींची लग्नं लावण्याआधी मागच्या पिढ्या तपासा. मामा, मामी, लहान लहान मुलं, सगळे रस्त्यावर धरण्याला बसले. १९६४ ला संसदेने ठराव केला तेव्हा प्रकरण मिटलं. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये, काही कुटुंबं भांडून भारतात परत गेली होती. ही माणसं हट्टी होती असं आपल्याकडे म्हणायचे. मला ती आता फार जवळची वाटतात.

दुसरा कागद भारताचा. इथलं नागरिकत्व आलं की भारताचा पासपोर्ट जातो, दोन्ही ठेवता येत नाहीत, हे तुला माहीत असेलच. त्याचा अर्थ काय होतो ते मला तुझी आजी गेली तेव्हा कळलं. स्वतःच्या आईच्या घरी जायला व्हिसा. खिडकीवर म्हणाले, तातडीचा हवा असेल तर मृत्यूचा दाखला आणा. आपल्यात त्याच दिवशी माती देतात. दाखला यायला दिवस लागणार होते. मी पोचले तेव्हा सातवा होऊन गेला होता, तुझ्या आईने दार उघडलं आणि आम्ही दोघी उंबऱ्यातच बसलो. पुढे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी ओसीआय कार्ड आलं. माझं झालं, पण थोरल्याचं अडलं, कारण तो इथल्या सैन्यात होता. सक्तीची नोकरी, नाही म्हणायची सोय नाही, आणि तीच आड आली. २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी तेल अवीवला आले तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं की सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल. मी टीव्हीसमोर बसून रडले. म्हणून तुला सांगते, पासपोर्ट सोडण्याआधी आई-बाबांच्या आजारपणाचा विचार करून ठेव. २०२५ च्या जूनमध्ये इराणशी युद्ध झालं तेव्हा इथला विमानतळच बंद होता. कार्ड असूनही कोणी जाऊ शकत नव्हतं.

आता शाळा. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही, चुकलं तर समजून घे.

थोरला आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. ठाण्याला मराठी शाळेत गणितात पहिला. तिसापर्यंतचे पाढे, पावकी-निमकी माझ्या बाबांनी पाठ करून घेतलेली. इथे त्याला हिब्रू येत नव्हतं, म्हणून शाब्दिक उदाहरणं कळत नव्हती, म्हणून गणित येत नाही असं ठरलं. भाषा वर्षभरात आली. पण एकदा ज्या गटात टाकलं त्यातून काढायला कोणी तयार नव्हतं. वरच्या वर्गात गणिताच्या तीन पायऱ्या असतात, तीन, चार आणि पाच युनिटं. इंजिनिअर व्हायचं तर पाच हवीत, निदान चार. याला तीनला बसवलं. मी शाळेत गेले. मला तेव्हा हिब्रू बाजारापुरतं यायचं. बाईंनी त्यालाच दुभाषा म्हणून मध्ये बसवलं. तेरा वर्षांचा मुलगा. बाई खूप वेळ बोलल्या, हातवारे करून, त्याच्याकडे बोट दाखवून. बोलून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, बाई म्हणतायत मी चांगला मुलगा आहे. चल घरी."

त्या काय बोलल्या होत्या ते त्याने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. भारतातून आलेल्या मुलांना एवढंच झेपतं, याचे हात चांगले आहेत, याला कारखान्याच्या कामात घाला. मी ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते गं. मला माहीत आहे बाई असं कधी बोलतात आणि कोणाच्या आईसमोर बोलतात. शिक्षिका असताना मीही वर्गात कोणाकोणाला मागच्या बाकावर बसवलं असेल, तीही मुलं आता आठवतात. पण हे माझं पोर होतं, आणि ते वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने गिळलं, मला कळू नये म्हणून.

मग तो धंदेशिक्षणाकडे गेला. तिथून अठराव्या वर्षी सैन्यात, आणि हात चांगले म्हणून रणगाडे दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. २००८ च्या त्या युद्धात तो गणवेशातच होता. नंतर गॅरेज टाकलं, लग्न झालं, दोन मुलं झाली. ७ ऑक्टोबर २०२३ ला सकाळी साडेसहाला भोंगे सुरू झाले. सिम्हत तोराचा सण होता, मी खिरीसाठी नारळ खवून ठेवला होता. दुपारपर्यंत कळायला लागलं की सीमेवरच्या गावांत काय चाललंय. हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना गाझात धरून नेलं. राखीव सैनिक बोलावले गेले, तीन लाखांहून जास्त, आणि त्यात हा. पस्तीस वर्षांचा बाप्या, केस पांढरे व्हायला लागलेले. जाताना गॅरेजची किल्ली माझ्याकडे दिली.

पाच युनिटं मिळाली असती तर तो कुठेतरी कॉम्प्युटरसमोर बसला असता का? की पायदळात गेला असता आणि आज नसता? त्या बाईंचा राग करू की आभार मानू, हे मी स्वतःला विचारत असते. उत्तर येत नाही. तो परत आला, धडधाकट आहे. काय पाहिलं ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

मी बालवाडीत मदतनीस आहे. ठाण्यात शिक्षिका होते, इथे आल्यावर आधी भाजी पॅकिंग केलं, मग हे मिळालं. आमच्याकडे चार-पाच वर्षांची पोरं. दोघी बायकांनी ४५ सेकंदांत सगळ्यांना आत घ्यायचं, मोजायचं, दार लावायचं आणि मग गाणी म्हणायची. पोरं ते शिकतात, रांगेत उभं राहायला शिकावं तसं. दुसरंही एक शिकतात. धडाम आवाज झाला, काचा थरथरल्या, पण भोंगा नाही, तर एखादं पोर मान वर करून विचारतं, "येतंय की जातंय?" मी म्हणते, "जातंय." पोर परत चित्र रंगवायला लागतं.

जातंय म्हणजे आमच्याकडून तिकडे. गाझा आमच्यापासून ठाणे-कल्याणच्या दुपटीहून लांब नाही. तिथे भोंगा नाही, ममाद नाही, जिनाही राहिला नाही. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे ६० हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात किती लहान लेकरं. माझ्या वर्गातल्या पोरांच्या वयाची. आणि "जातंय" म्हणताना माझ्या छातीतला श्वास मोकळा होतो. दर वेळी होतो. मी देवाला मानते, शुक्रवारी दिवा लावते, आणि हा श्वास त्याच्यासमोर कसा ठेवू ते मला कळत नाही.

हे मी इथे कोणाशी बोलत नाही. शेजारच्या बाईंचा नातू त्या सकाळी मारला गेला, त्यांच्यासमोर गाझातल्या आयांबद्दल बोलायला जीभ रेटत नाही. ओलीस सुटावेत म्हणून मी शनिवारी रात्री चौकात उभी राहिले आहे, तिथे काही जण दुसऱ्या बाजूच्या मुलांचे फोटोही धरून उभे असायचे, मुकाट्याने. मी त्यांच्याकडे बघायचे आणि दुसऱ्या बाजूला उभी राहायचे. तू युद्धाच्या देशात येऊ का म्हणून विचारतेस, तर माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं. रॉकेटची भीती कमी होते, आयर्न डोम ही रॉकेटं पाडणारी यंत्रणा २०११ पासून आहे, बहुतेक रॉकेटं वरच्या वर फुटतात. पण कोणत्या आवाजाने आपल्याला बरं वाटतं, हे बदलून जातं. तुझ्या मुलाला ठाण्यात दहावीपर्यंत अभ्यास, क्लास, क्रिकेट याशिवाय दुसरं काही विचारलं जाणार नाही. इथे त्याच्याकडे अठराव्या वर्षी अडीच-तीन वर्षं मागितली जातील, आणि पुढे चाळिशीपर्यंत केव्हाही. ती द्यायची की नाही हे तू ठरवायचं नाहीस, तोही नाही.

एकटेपणाचं विचारशील तर त्यावर काही नाही. सवय होते. आपली माणसं अशदोदला भरपूर आहेत, सिनेगॉगमध्ये मराठी ऐकू येतं, नवयाच्या सणाला, आपल्या नव्या वर्षाला, चिकाचा हलवा होतो, कोथिंबीर मिळते, बोंबील मिळत नाही. हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घर मोठं वाटतं, एवढंच.

आणि चांगलंही लिहायला हवं, नाहीतर माझं उत्तर खोटं होईल. इथे दवाखान्याचा खर्च माणसाला झोपवत नाही. १९९५ पासून प्रत्येकाला आरोग्य विमा आहे. यांच्या शेवटच्या आजारात मला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. तुझ्या वडिलांच्या बायपासला तुम्ही कसे पैसे उभे केलेत ते मी पाहिलंय, दागिने कुठे गेले तेही मला माहीत आहे. लढाया नसतात ती वर्षं इथे खरोखर चांगली जातात. संध्याकाळी समुद्रावर जावं, मुलं रात्री दहापर्यंत खाली खेळतात, एकटी मुलगी रात्री बसने घरी येते आणि आई झोपलेली असते. ठाण्याला मी ताईला, तुझ्या आईला, स्टेशनवर घ्यायला कोणीतरी पाठवायचेच. तेव्हा कोणता देश शांत, याचं उत्तर एका वाक्यात मला देता येत नाही.

मी तुझी सल्लागार म्हणून कितपत खरी, याचीही मला शंका आहे. तुझा मेसेज वाचल्या वाचल्या माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? पलीकडची खोली रिकामी करायला हवी. तुझ्या मुलाचं काय, युद्धाचं काय, ते सगळं नंतर आलं. माझ्या रक्ताचं कोणीतरी भिंतीपलीकडे मराठीत बोलत असावं असं मला फार वाटतं, आणि हे वाटणं माझ्या सल्ल्यात कुठे कुठे शिरलं असेल ते तू ओळख.

एवढं मात्र ठामपणे सांगते. एकदम सगळं विकून येऊ नका. मे महिन्याच्या सुटीत तिघं या, माझ्याकडे राहा, जावईबापूंना इथलं काम बघू दे. फ्लॅट भाड्याने द्या, विकू नका. भाड्याचं घर बघाल तर ममाद असलेलंच बघा, त्यासाठी एक खोली कमी घ्यावी लागली तरी चालेल. यायचंच ठरलं तर मुलगा सहावीत जाण्याआधी या, नंतर भाषेचा डोंगर वाढतो. त्याच्या गणिताच्या वह्या, प्रगतिपुस्तकं, स्कॉलरशिपचा निकाल, सगळं इंग्रजीत भाषांतर करून, शिक्का मारून आण. शाळेच्या पहिल्या भेटीला मी तुमच्याबरोबर येईन, बाई काय बोलतात ते शब्दन् शब्द मी सांगेन, आणि मुलाला त्या वेळी बाहेर मैदानात पाठवू. आता माझं हिब्रू चांगलं आहे.

जन्मदाखल्यावर तुझं आडनाव एक आहे आणि पासपोर्टवर दुसरं, हे तुझ्या आईने मला सांगितलंय. ते ठाण्यात असतानाच एक करून घे. पणजोबांच्या नावाची सगळी कागदपत्रं माझ्याकडे आहेत, फोटो काढून उद्या पाठवते.